समोरच्याच्या लाइटनं डोळे दिपतात? आधी स्वतःची काच बघा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नाशिकरोडला राहतात, वय ५२, गाडी २०१६ ची हॅचबॅक. दर शनिवारी दुकान बंद करून रात्री नऊ-साडेनऊला संगमनेरला आईकडे निघतात. गेल्या वर्ष-दोन वर्षांत समोरून येणाऱ्या पांढऱ्याफेक लाइटांनी डोळ्यांपुढे अंधारी येते आणि गाडी निघून गेली तरी काही क्षण रस्ता दिसत नाही. म्हणून विचारतात, पिवळ्या काचांचा ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मा घेऊ, की आपल्याच गाडीला १३० वॅटचे एलईडी टाकू?

दादा, दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको. मी नाशकात द्वारका चौकाच्या बाजूला सत्तावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगची आणि हेडलाइटची कामं करतोय. ‘लाइट कमी पडतोय, पॉवरफुल बल्ब टाका’ म्हणत आलेल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना मी बल्ब न विकता परत पाठवलंय. धंद्याच्या दृष्टीनं हा मूर्खपणाच. पण तीच माणसं पुढच्या महिन्यात ‘अजून दिसत नाही’ म्हणून भांडायला येतात, त्यापेक्षा हे बरं.

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकमेकींत अडकल्यात. एक, समोरचा उजेड सोसत नाही. दुसरी, उजेड गेल्यावर अंधारात दिसत नाही. समोरच्यानं लाइट कसा लावायचा हे तुमच्या हातात नाही. पण तो उजेड तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर पोचेपर्यंत वाटेत कुठं कुठं फुटतो, ते बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे. वाटेत तीन काचा आहेत: गाडीची पुढची काच, तुमचा चष्मा आणि डोळ्यातलं भिंग. या तिन्ही स्वच्छ असल्या तर समोरचा दिवा म्हणजे एक टोचणारा ठिपका असतो, त्याच्या बाजूचा रस्ता दिसत राहतो. यातली एक जरी धुरकट असली तर त्याच ठिपक्याचा पसरट पांढरा पडदा होतो आणि रस्ता त्या पडद्यामागं जातो.

म्हणून पहिली परीक्षा फुकटातली. रात्री गाडी अंधाऱ्या जागी उभी करा, ड्रायव्हर सीटवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी मोबाइलची टॉर्च लावून बॉनेटपुढं दहा-बारा पावलांवर उभं करा. टॉर्चकडे टक लावून बघू नका. टॉर्चच्या आजूबाजूची काच बघा. दुधात पाणी घातल्यासारखा एकसारखा धूसरपणा दिसला तर काचेला आतून थर बसलाय. धनुष्यासारख्या गोल रेघा चमकल्या तर वायपरचे ओरखडे आहेत. आणि साखर सांडावी तसे हजारो बारीक कण लुकलुकले तर काच टोचली गेली आहे. वर्षानुवर्षं डंपरमागून उडालेली वाळू आणि कच काचेवर बारीक खड्डे पाडते. दिवसा ते अजिबात दिसत नाहीत.

आतला थर ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. बाहेरून काच रोज पुसली जाते, आतून सहा-सहा महिने कुणी हात लावत नाही. गाडी उन्हात तापली की डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून वाफ निघते, ती काचेवर जाऊन बसते. त्यावर धूळ, उदबत्तीचा धूर, कुणी ओढत असेल तर सिगारेटचा. वर डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारलेलं असलं की बघायलाच नको. त्याची चमक काचेत उमटते ती उमटतेच, शिवाय पॉलिशचा तेलकटपणाही काचेवर चढतो. पुसायचं कसं? दोन स्वच्छ मायक्रोफायबर फडकी घ्या. एकावर काचेचं क्लीनर मारून पुसा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. गाडी धुवायचा शाम्पू काचेवर वापरू नका, त्यात बहुतेक वेळा मेण असतं. एकदा पुसून भागत नाही. दुसऱ्यांदा पुसताना फडकं पुन्हा काळपट झालं तर समजा पहिला हात नुसता पसरवायलाच गेला होता.

बाहेरच्या बाजूला आपल्याकडची एक खास भानगड आहे. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे जाऊन आलात की बागेतल्या फवारणीचे तुषार काचेवर येतात, वाळून पांढरे ठिपके होतात आणि माणूस पाणी न मारताच वायपर फिरवतो. खाली धूळ, वर कडक झालेलं रबर. ओरखडे तिथंच पडतात. वायपरचं रबर पावसाळ्याच्या तोंडावर दर वर्षी बदला. काच बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

टोचलेली काच मात्र पॉलिशनं नीट होत नाही. कुणी करून देतो म्हणाला तरी ड्रायव्हरच्या समोरच्या भागात करू देऊ नका, काचेला लाटा पडतात आणि त्यातून रस्ता वाकडा दिसतो. बदलणं हाच उपाय. सर्वसमावेशक विमा असला तर काचेच्या क्लेमवर घसारा कापत नाहीत, पण नो क्लेम बोनस जाऊ शकतो, ते गणित मांडून ठरवा.

आता डोळे. हे माझं क्षेत्र नाही, पण माझ्या दुकानात रोज येणारा विषय आहे. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली तेवढी मोठी होत नाही आणि आतलं भिंग पिवळट पडत जातं. तुम्ही ५२ चे, म्हणजे वाटेवर आहात. एक पिकअपवाले गिऱ्हाईक होते. दोनदा बल्ब बदलले, रिले (बॅटरीतून थेट हेडलाइटला वीज देणारा स्विच) बसवला, हेडलाइट सेट करून दिले, तरी ‘समोरच्याभोवती कडं दिसतं’ हेच. शेवटी मी म्हटलं, मामा, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या. मोतीबिंदू निघाला. तक्त्यावरची अक्षरं त्यांना बऱ्यापैकी वाचता येत होती, म्हणून संशयच आला नव्हता. भिंगाच्या मागच्या बाजूनं सुरू होणारा मोतीबिंदू असाच असतो, अक्षरं वाचता येत असतानाच लाइटचा त्रास सुरू होतो, आणि साखर असणाऱ्यांत किंवा बरीच वर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांत तो जास्त सापडतो. तुमचा त्रास वर्ष-दोन वर्षांत वाढलाय म्हणता, म्हणून डोळे तपासून घ्याच. तपासताना ‘रात्री गाडी चालवतो’ हे मुद्दाम सांगा. दिवसा नडत नाही असा थोडासा सिलिंडरचा, म्हणजे तिरका नंबर रात्री बाहुली मोठी झाली की दिव्यांना शेपट्या फुटवतो.

चष्मा लागलाच तर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगचा घ्या. साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून आठेक टक्के उजेड परावर्तित होतो आणि तोच डोळ्यासमोर भुतासारखा नाचतो. पिवळ्या चष्म्याचं सांगायचं तर, तो लावल्यावर बरं वाटतं हे खरं आहे, कारण निळसर उजेड गाळला जातो आणि सगळं उबदार दिसतं. पण तो एकूण उजेडही खातो. २०१९ साली बॉस्टनमधल्या संशोधकांनी सिम्युलेटरवर समोरच्या हेडलाइटचा झोत टाकून हेच तपासलं. पिवळा चष्मा लावून रस्त्यावरचा माणूस लवकर दिसतो असं काही आढळलं नाही. संगमनेरच्या बाजूला उसाच्या हंगामात मागं एक लाल रिफ्लेक्टरसुद्धा नसलेली ट्रॉली उभी असते, ती दिसायला तुम्हाला असेल नसेल तेवढा सगळा उजेड लागणार आहे. तो चष्म्याला कशाला वाटायचा? रात्री काळा पोलराइज्ड गॉगल लावणारेही पाहिलेत मी. त्यांच्याबद्दल काय बोलायचं!

आता तुमच्या १३० वॅटवर येतो, इथं जरा सावकाश वाचा.

तुमच्या गाडीत बहुधा एच४ बल्ब आहे. मॉडेल सांगितलेलं नाही म्हणून बहुधा म्हणतोय, एच७ असेल तर तपशील बदलेल. एच४ मध्ये दोन फिलामेंट असतात, डिपरचं (खाली झुकलेल्या झोताचं) ५५ वॅट आणि अप्परचं (लांबच्या झोताचं) ६० वॅट. बल्ब हातात धरून बघा: डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी दिसेल. सगळी करामत त्या वाटीत आहे. वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तो खाली, रस्त्यावर फेकला जातो. भिंतीवर पाहिलं तर वर अंधार, खाली उजेड आणि मधे स्पष्ट रेघ. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेची जागा मिलिमीटरपर्यंत धरून बनवलेला असतो.

तिथं तुम्ही जाड दांडीवर चिप चिकटवलेला एलईडी घातला की उजेड निघण्याची जागा बदलते, आकार बदलतो आणि ती रेघ विस्कटते. उजेड वर फुटतो. समोरच्याचे डोळे दिपतात, झाडांचे शेंडे उजळतात, फलक लखलखतात. तुम्हाला वाटतं काय झकास लाइट आहे! प्रत्यक्षात गाडीपुढचे पंधरा-वीस मीटर इतके पांढरे होतात की बाहुली तिथंच आकसते आणि लांबचं आणखी काळं पडतं. पावसात किंवा कसाऱ्याच्या धुक्यात तर समोर भिंतच उभी राहते. डब्यावरचा वॅटचा आकडा मी धरतच नाही. मीटर लावून पाहिलंय, मी मोजलेला एकही बल्ब छापलेल्या आकड्याच्या अर्ध्यालाही पोचला नाही. काही एलईडी बरे असतात का? असतात. चिप अगदी बारीक आणि नेमक्या जागी असेल, आणि होल्डरमध्ये फिरवून दोन्ही चिपा बरोबर डाव्या-उजव्या बाजूला आणल्या असतील, तर रेघ बऱ्यापैकी टिकते. पण गाडी ज्या दिव्यासकट मंजूर झाली आहे त्यात असा बदल नियमात बसत नाही. शिवाय बसवणारा तेवढी खटपट करेलच असं नाही. बसवला, पेटला, पैसे द्या.

मग जुन्या हॅलोजनचा उजेड का कमी पडतो? बहुतेक वेळा बल्बचा दोषच नसतो. इंजिन चालू करून बॅटरीवर १३.८ व्होल्ट मिळतात आणि तिथूनच वायर हेडलाइटच्या होल्डरपर्यंत जाईतो १२.४ उरतात. मधले खाल्ले कुणी? स्विचच्या जळक्या पॉइंटांनी, गंजलेल्या अर्थिंगनं, वितळत आलेल्या होल्डरनं. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर हॅलोजनचा उजेड साधारण तीस टक्के पडतो, कारण उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगानं घसरतो. दोन चांगल्या होल्डरचं रिले किट, नीट अर्थिंग आणि चांगल्या कंपनीचे साधे ६०/५५ चे बल्ब एवढं केलं तरी माणूस विचारतो, ‘कुठले एलईडी टाकले?’ आणि हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर ती आधी. पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची असते, उन्हानं तिचा वरचा थर जातो. वॉटर पेपरनं, म्हणजे ओल्या सँडपेपरनं, १००० पासून ३००० नंबरपर्यंत घासून, कंपाउंड मारून, वरून यूव्ही कोटिंग द्यायचं. टूथपेस्टचा प्रयोग करून बघायला हरकत नाही, पण कोटिंगशिवाय काही महिन्यांत पुन्हा पिवळी होते.

आणि मग हेडलाइट सेट करणं. हे काम तुम्ही घरी करू शकता, फक्त सपाट जागा आणि भिंत हवी. टायरची हवा बरोबर, टाकी साधारण अर्धी, ड्रायव्हर सीटवर कुणीतरी बसलेलं. गाडी भिंतीला अगदी जवळ लावा आणि बल्बच्या मध्याच्या समोर खडूनं फुली मारा, दोन्हीकडच्या. मग गाडी सरळ पाच मीटर मागं घ्या. डिपर लावा. उजेडाची वरची रेघ फुल्यांच्या पाच सेंटिमीटर खाली यायला हवी. हे एक टक्का उताराचं गणित झालं. हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर १.० किंवा १.२ टक्के असा आकडा दिलेला असतो, तो असेल तर तोच धरा. आपल्याकडे डावीकडून चालतात म्हणून उजव्या अर्ध्यात रेघ सपाट असते आणि डावीकडे वर चढते, म्हणजे कडेचा माणूस, सायकल, मैलाचा दगड दिसावा. भंगारातून किंवा बाहेरच्या देशातला सेट बसवला आणि रेघ उजवीकडे चढताना दिसली, तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशाचा आहे. कितीही सेट करा, समोरच्याला मारणारच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ हेच शब्दांत सांगतो. दिव्यापासून आठ मीटर पुढं, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोत दिपवता कामा नये. खडू घेऊन ही जागा मोजून बघा एकदा, आणि शेजाऱ्याला तिथं उभं करून विचारा. उत्तर ऐकून बऱ्याच जणांची तोंडं उतरतात.

तुम्ही दर शनिवारी आईकडे काय काय घेऊन जाता मला माहीत नाही, पण दुकानदार माणूस रिकामा जात नाही. डिकीत पन्नास-साठ किलो आणि मागं दोन माणसं बसली की गाडीचं नाक वर उठतं, डिपरचा अप्पर होतो. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला ० ते ३ असं लिहिलेलं चाक असेल, ते त्यासाठीच आहे. एकटे असाल तर ०, मागं वजन असेल तर १-२ किंवा ३. आकडा वाढला की झोत खाली जातो. हे चाक कशाचं आहे असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं.

रस्त्यावर काय करायचं ते थोडक्यात. तुमचा रस्ता दुभाजकाचा आहे, हे नशीब. दुभाजकात कण्हेर लावतात ती शोभेसाठी नव्हे. गुरं तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागतं आणि दाट वाढली की पलीकडचे लाइट अडतात. पण मोहदरी घाटाच्या वळणांवर आणि जिथं झुडपं मेली आहेत किंवा मधे वाट काढली आहे, तिथं झोत सरळ अंगावर येतो. अशा ठिकाणी नजर समोरच्या दिव्यावरून काढा आणि डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. दिपलेला डोळा सावरायला तीन सेकंद लागले तर तुम्ही सहासष्ट मीटर आंधळे गेलात. म्हणून दिपण्याआधी, समोर लाइट दिसला की वेग कमी करा. दिपल्यावर कचकन ब्रेक मारू नका, मागच्यालाही तेव्हा तुम्ही दिसत नसता. समोरच्यानं डिपर दिला नाही म्हणून आपणही अप्पर मारून बदला घेण्यात काही अर्थ नाही. त्यानं दोघं आंधळे होतात एवढंच.

मागून येणाऱ्या लाइटसाठी आतल्या आरशाखालची छोटी पट्टी ओढा. आरशाची काच पाचरीसारखी असते. पट्टी ओढली की मागच्या चांदीऐवजी पुढच्या काचेचं चार-पाच टक्केच प्रतिबिंब डोळ्यात येतं. बाहेरचे आरसे किंचित बाहेर वळवले तरी फरक पडतो. गाडीतला टचस्क्रीन आणि स्टँडवरचा मोबाइल अगदी मंद करा. डोळा अंधाराला सरावायला वेळ घेतो आणि नकाशाचा पांढरा पडदा तो सराव दर मिनिटाला मोडतो.

क्रम सांगायचा तर: या आठवड्यात टॉर्चची परीक्षा आणि काच आतून. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. मग होल्डरवरचं व्होल्टेज आणि हेडलाइटची काच. शेवटी भिंत. यातलं पहिलं दोनशे रुपयांच्या आत होतं, आणि माझ्या अनुभवात निम्म्या लोकांचं काम तिथंच भागतं. उरलेल्यांत निम्म्यांचा प्रश्न डोळ्यांचा निघतो.

भिंत जमत नसेल तर कुणाही जाणत्या वायरमनकडे न्या, पण दिवस मावळल्यावर न्या, कारण उन्हात रेघ दिसत नाही आणि अंदाजपंचे स्क्रू फिरवून दिला जातो. आणि ते ० ते ३ चं चाक गाडीत नसेल, तर हेडलाइट सेट करायचंय म्हणून गाडी रिकामी करून नेऊ नका. शनिवारी निघताना डिकीत जेवढं सामान असतं, तेवढं भरूनच न्या.